मनाचे वजन करणारा काटा

गेल्या वर्षीच्या मार्गशीर्षातली गोष्ट. गडाखालच्या एका वाडीतून एक गृहस्थ आपल्या मुलीला घेऊन माझ्या पन्हाळ्याच्या दवाखान्यात आले. उसाची तोड चालू असल्याने त्यांना परत जायची घाई होती. मुलगी अकरावीत शिकणारी. ताप नाही, खोकला नाही. वडिलांनी खिशातून घडी घातलेला एक कागद काढून माझ्यापुढे ठेवला. त्यावर मुलीचे नाव, तुकडी आणि खाली एक छापील ओळ होती : 'आत्मसन्मान कमी. गुण : ४० पैकी १८.'

"डॉक्टर, हिला नेमकं झालंय तरी काय?" ते म्हणाले. "चार दिवस झालं, पोरगी धड जेवंना. हिची आई म्हणती, कुणाची तरी नजर लागली. गोळ्या-बिळ्या काय असतील तर द्या."

मुलगी मान खाली घालून ओढणीचे टोक बोटाला गुंडाळत होती. मी तिला नाव विचारले, तर नाव सांगायच्या आधी तिनेच मला हळूच विचारले, "डॉक्टर, ह्यात मी नापास झालो काय?"

त्या प्रश्नाने मला घाम फुटला. कारण तो कागद ज्या प्रश्नावलीवरून तयार झाला होता, तिचे मराठी मीच केले होते. एका शाळेला किशोरवयीन मुलांच्या मनाच्या आरोग्यासाठी काही तरी करायचे होते. त्यांनी मला विचारले आणि मी मोठ्या उत्साहाने दोन रात्री बसून एका प्रसिद्ध इंग्रजी प्रश्नावलीचे भाषांतर करून दिले. बेरीज करून असे कागद घरोघर जातील, याची मला कल्पना नव्हती. पण पुढे काय करणार आहात, एवढे तरी मी विचारायला हवे होते. ते मला सुचले नाही.

अशा प्रश्नावल्या आता शाळा-महाविद्यालयांतून सर्रास भरून घेतल्या जातात. मोबाइलवर तर मुले त्या स्वतःच भरतात आणि आलेला आकडा मनाला लावून घेतात. म्हणून या प्रश्नावल्या काय मोजतात, कशा मोजतात आणि मराठीत येताना त्यांचे काय होते, हे पालकांना माहीत असणे जरुरीचे आहे. माझी चूक सांगूनच ते सांगतो.

आत्मसन्मान म्हणजे काय?

आत्मसन्मान म्हणजे स्वतःच्या मनात स्वतःला असलेली किंमत. आत्मविश्वास त्याहून वेगळा. 'मला पोहता येईल' हा आत्मविश्वास झाला. पोहता आले नाही तरी 'मी माणूस म्हणून वाईट नाही' असे वाटणे, हा आत्मसन्मान. आणि 'माझ्यासारखा कोणी नाही' असे वाटू लागले, की तो अहंकार.

विल्यम जेम्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १८९० साली याचे एक सोपे गणित मांडले. मिळालेल्या यशाला अपेक्षेने भागा, जो भागाकार येईल तो आत्मसन्मान. यश तेवढेच राहिले आणि अपेक्षा दुप्पट झाली, तर भागाकार निम्मा होतो. दहावीत ८० टक्के मिळवूनही घरी रडत बसलेली मुले आपण दरवर्षी पाहतो. त्यांच्या यशात काही उणे नसते, खालचा आकडा फुगवलेला असतो. तो बहुधा आपणच फुगवलेला असतो.

किशोरवयात हा प्रश्न जास्त टोचतो. शरीर बदलत असते, आवाज फुटतो, चेहऱ्यावर मुरुमे येतात, मित्रमैत्रिणींच्या एका शब्दाने मूल फुलते किंवा कोमेजते. अनेक देशांतल्या पाहण्या एकत्र करून २०१८ साली काढलेला निष्कर्ष असा, की आत्मसन्मान लहानपणी वाढत जातो, साधारण ११ ते १५ या वयात ती वाढ थबकते, पुढे तिशीपर्यंत तो झपाट्याने वाढतो आणि साठीपर्यंत हळूहळू वाढतच राहतो. म्हणजे आठवी-नववीतल्या मुलाचा अडखळण्याचा काळ हा बहुतेकांच्या बाबतीत पुढे सरणारा काळ असतो, हे आधी ध्यानात ठेवावे.

दहा विधानांची प्रश्नावली

आत्मसन्मान मोजण्यासाठी जगात सर्वांत जास्त वापरली जाणारी प्रश्नावली मॉरिस रोझेनबर्ग या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाची. न्यूयॉर्क राज्यातील १० शाळांतल्या ५,०२४ विद्यार्थ्यांचा अभ्यास करून त्यांनी १९६५ साली ग्रंथ लिहिला, त्यात ती आहे. तिच्यात फक्त दहा विधाने आहेत. पाच सुलटी, म्हणजे स्वतःबद्दल चांगले बोलणारी. पाच उलटी, म्हणजे स्वतःला कमी लेखणारी. प्रत्येकापुढे 'पूर्ण सहमत' ते 'पूर्ण असहमत' अशी चार उत्तरे. सुलट्या विधानाला पूर्ण सहमत म्हटले की ४ गुण, उलट्याला म्हटले की १. अशी बेरीज १० ते ४० च्या दरम्यान येते.

उलटी विधाने कशासाठी? काही मुले न वाचताच सगळीकडे पहिल्या चौकोनात खूण करतात. अशा मुलाला सुलट्या पाचांचे २० आणि उलट्या पाचांचे ५, मिळून २५ गुण मिळतात. तो आपोआप मध्यावर येतो, फुकटचा वर जात नाही. युक्ती चांगली आहे.

दोन गोष्टी मात्र विसरता कामा नयेत. एक, ही प्रश्नावली रोग ओळखण्यासाठी नाही. थर्मामीटरवर जसा ताप ठरतो, तशी 'याच्या खाली आजार' अशी सर्वमान्य रेघ या ४० गुणांत कोठेही नाही. दुसरे, रोझेनबर्ग यांच्या मते चांगला आत्मसन्मान म्हणजे 'मी इतरांहून श्रेष्ठ' असे वाटणे नव्हे. 'मी पुरेसा चांगला आहे' एवढे वाटले तरी झाले.

माझ्या मराठीने काय केले?

त्या दिवशी मी वडिलांना बाहेर बाकावर बसवले आणि मुलीबरोबर दहाही विधाने एकेक करून वाचली. 'इथे खूण करताना तुझ्या मनात काय आले?' एवढेच विचारत गेलो.

पहिले विधान चांगल्या गुणांविषयीचे. मी लिहिले होते, 'माझ्याकडे बरेच चांगले गुण आहेत.' तिने 'पूर्ण असहमत' वर खूण केली होती. कारण विचारले तर म्हणाली, "सहामाहीला गणितात कमी पडले की." प्रश्नावली भरली त्याच आठवड्यात वर्गात उत्तरपत्रिका वाटल्या होत्या. मी स्वभावातल्या गुणांबद्दल विचारत होतो, ती मार्कांबद्दल सांगत होती. मराठीत दोन्हींना शब्द एकच, हे मला लिहिताना खटकलेच नाही.

दुसरे विधान उलटे होते. 'गर्व करण्यासारखे माझ्यात फारसे काही नाही.' यावर ती 'पूर्ण सहमत' होती. "गर्व करू नये म्हणतात ना?" ती म्हणाली. तिचे बरोबरच होते. गर्वाचे घर खाली, असे आपण मुलांना लहानपणापासून सांगतो. तिने संस्कार सांगितला आणि मी तिचा एक गुण ठेवून तीन कापले.

तिसरे, स्वतःबद्दल अधिक आदर वाटायला हवा होता, अशा अर्थाचे विधान. हेही उलटे. इंग्रजीत त्याचा रोख असा, की आता आदर कमी आहे. मुलीने ते सुविचार म्हणून वाचले. आदर वाढला तर चांगलेच, म्हणून 'पूर्ण सहमत'. या विधानाची खोड एकट्या मराठीतली नाही. अनेक देशांतल्या अभ्यासांत ते बाकीच्या नऊ विधानांशी नीट जुळत नाही, असे आढळले आहे.

चौथे, 'मी स्वतःबद्दल समाधानी आहे.' यावर 'पूर्ण असहमत'. का, तर वर्गात नेहमी सांगतात, समाधान मानले की प्रगती खुंटते.

या चारही ठिकाणी तिला एकेक गुण मिळाला होता. विधाने साध्या बोलीत फिरवून विचारल्यावर चारही ठिकाणी तिची उत्तरे तीन गुणांची निघाली. म्हणजे १८ चे २६ झाले. मुलगी तीच, खुर्ची तीच, मधे गेला फक्त अर्धा तास. हे २६ मी कागदावर लिहिले नाहीत, कारण डॉक्टरसमोर बसून दिलेल्या उत्तरांवरही फार विसंबता येत नाही. पण आठ गुणांची तफावत माझ्या शब्दांमुळे पडू शकते, हे मला कळून चुकले.

आणखी एक गंमत सांगतो. मराठीत क्रियापदावरून मुलगा की मुलगी ते कळते, म्हणून मी मुलींसाठी वेगळ्या प्रती काढून 'मी करू शकते' असे काळजीपूर्वक लिहिले होते. आपल्या कोल्हापूरकडच्या मुली 'मी जातो, मी करतो' असेच बोलतात, हे मी रोज दवाखान्यात ऐकतो आणि तरी विसरलो. नंतर एक मुलगी मला म्हणाली, "डॉक्टर, ते पुस्तकातल्या पोरीसारखं हुतं." पुस्तकासारखे वाटले, म्हणून मुलींनी पेपरासारखे सोडवले. स्वतःला काय वाटते ते लिहिण्यापेक्षा बरोबर उत्तर कोणते, ते शोधले.

नम्रपणा की न्यूनगंड?

मोरोपंतांचा जन्म याच पन्हाळगडावर १७२९ साली झाला. 'केकावली'त हा थोर पंडित कवी स्वतःकडे कमीपणा घेऊन देवाची करुणा भाकतो. आपले संतही स्वतःला पतित, पामर म्हणवून घेतात. या मंडळींना माझी प्रश्नावली दिली असती, तर सगळ्यांच्या घरी 'आत्मसन्मान कमी' असा कागद गेला असता! चारचौघांत स्वतःला थोडे कमी सांगणे ही आपल्याकडे बोलण्याची रीत आहे. कोणी 'स्वयंपाक छान झालाय' म्हटले, की घरातली बाई 'कसलं काय, मीठ कमीच पडलंय' म्हणते. तिला स्वतःची किंमत नाही, असा त्याचा अर्थ नव्हे.

डेव्हिड श्मिट आणि युरी आलिक या संशोधकांनी ५३ देशांत, २८ भाषांत, सुमारे १७ हजार लोकांकडून रोझेनबर्ग यांची प्रश्नावली भरून घेतली आणि २००५ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. प्रश्नावली बऱ्याच देशांत चांगली चालते, असे त्यांना दिसले. सगळ्याच देशांची सरासरी मध्याच्या वर होती. मात्र उलट्या विधानांचा अर्थ सगळीकडे सारखा लावला जात नाही, हेही दिसले. सर्वांत कमी सरासरी जपानची होती. आता सबंध जपान न्यूनगंडाने पछाडलेला आहे, असे कोण म्हणेल? स्वतःची वाखाणणी न करणे हा तिथला शिष्टाचार आहे.

भाषांतर करावे तरी कसे?

परकी चाचणी आपल्या भाषेत नीट आणता येत नाही, असे मुळीच नाही. आपल्या शेजारीच त्याचे उदाहरण आहे. बुद्धिमापनाची बिने यांची चाचणी मूळ फ्रान्समधली, १९०५ सालची. अमेरिकेत तिची सुधारित आवृत्ती १९१६ साली झाली. डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी ती धारवाडकडच्या कन्नड आणि मराठी मुलांसाठी तयार केली आणि त्यावरचा त्यांचा ग्रंथ १९४० साली निघाला. 'बिने-कामत चाचणी' या नावाने ती पुढे कित्येक दशके देशभर वापरली गेली. असल्या कामात नुसते शब्द बदलून भागत नाही. परक्या मुलांच्या ओळखीच्या गोष्टी काढून आपल्या मुलांच्या ओळखीच्या घालाव्या लागतात आणि शेकडो मुलांना चाचणी देऊन आपल्याकडचे सर्वसाधारण प्रमाण नव्याने ठरवावे लागते. या कामाला वर्षे लागतात. मी दोन रात्री लावल्या होत्या.

शास्त्रशुद्ध रीत थोडक्यात अशी. दोन जणांनी वेगवेगळे भाषांतर करायचे आणि ते ताडून एक करायचे. मग मूळ प्रश्नावली न पाहिलेल्या तिसऱ्या माणसाने ते मराठी पुन्हा इंग्रजीत न्यायचे. रिचर्ड ब्रिस्लिन यांनी १९७० साली या उलट भाषांतराची पद्धत नीट मांडून दाखवली. परत आलेले इंग्रजी मुळाशी जुळले नाही, तर वाटेत कुठे तरी अर्थ सांडला असे समजायचे.

पण एवढ्यानेही भागत नाही. 'गुण' आणि 'गर्व' हे शब्द उलट भाषांतरात सहज निसटून गेले असते, कारण शिकलेला भाषांतरकार ते बरोबरच ओळखतो. म्हणून जी मुले ती भरणार, त्यांतल्याच काहींना बसवून, विधान वाचून काय समजले ते मोठ्याने सांगायला लावायचे. नंतर मी सात-आठ मुलामुलींबरोबर हे केले. 'गर्व' ऐकल्यावर मुले मान हलवत, 'अभिमान' म्हटले की लगेच बोलू लागत. 'निरुपयोगी' हा शब्द त्यांना विज्ञानाच्या पुस्तकातला वाटला, 'बिनकामाचा' लगेच कळला. 'लायकी' हा शब्द मी एका विधानात घातला होता, तो ऐकून एक मुलगा गप्पच झाला. आपल्याकडे तो शब्द भांडणातच ऐकू येतो. 'पूर्ण सहमत' पेक्षा 'अगदी खरं', 'खरं', 'तितकंसं खरं नाही', 'मुळीच खरं नाही' ही उत्तरे त्यांना सोपी गेली.

त्यानंतर काही आठवड्यांच्या अंतराने त्याच मुलांकडून प्रश्नावली पुन्हा भरून घ्यायची. आकडा उगाच वरखाली झाला, तर ती विश्वासाची नाही. आणि आपल्याकडच्या पुरेशा मुलांची सरासरी काढल्याशिवाय कोणालाही 'कमी' किंवा 'जास्त' म्हणायचे नाही. यांपैकी काहीही न करता मी कागद दिला होता.

एक 'उत्तम' मुलगा

कमी आकड्याने एका मुलीचे जेवण गेले. जास्त आकड्याने काय झाले, तेही सांगायला हवे.

त्याच शाळेतल्या एका मुलाला ४० पैकी ३६ गुण होते. शाळेने सगळ्यांची उत्तरे मला दाखवली, तेव्हा त्याचा कागद मी 'उत्तम' म्हणून बाजूला ठेवला. दोन महिन्यांनी त्याची आई त्याला घेऊन आली. रात्र रात्र झोप नाही, शाळेत जायचे नाव काढले की पोटात दुखते, कोणाशी बोलत नाही. बोलताना तो किंचित अडखळतो, आणि त्यावरून वर्गातली मुले वर्षभर त्याची नक्कल करत होती. मी त्याला प्रश्नावलीची आठवण दिली. तो म्हणाला, "वर नाव लिवायला लावलं हुतं. सर बाकापाशीच हुबं हुते."

मराठी शब्द कितीही नेमके असते, तरी या मुलाने खरे लिहिले नसते. प्रश्नावलीवर नाव का आहे, ती कोण वाचणार, कोणाला सांगणार, नको वाटले तर न भरता येते का, हे मुलाला आधी सांगितले नसेल, तर आकड्याला अर्थ नाही. हा मुलगा आता कोल्हापूरला उपचार घेतो, शाळेतही जातो. पण दोन महिने आधी त्याच्याकडे लक्ष जाऊ शकले असते, आणि माझ्या हातात त्याचा कागद होता.

मग या प्रश्नावल्यांचा उपयोग काय?

उपयोग आहे. शंभर मुलांच्या गटात एखादा उपक्रम घेतल्यावर काही फरक पडला का, वसतिगृहातल्या आणि घरी राहणाऱ्या मुलांत काही वेगळे दिसते का, अशा प्रश्नांना चांगली पारखलेली प्रश्नावली उत्तर देऊ शकते. एकट्या मुलाच्या बाबतीत ती बोलणे सुरू करायला कामी येते. त्याच्यावर शिक्का मारायला ती वापरू नये.

आत्मसन्मान वाढवला की सगळे सुधारते, असाही एक समज आहे. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याने १९८६ साली त्यासाठी खास समिती नेमली होती. पुढे २००३ साली रॉय बाउमायस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोवरचे संशोधन तपासले, तेव्हा नुसता आत्मसन्मान वाढवल्याने अभ्यास सुधारतो याला भक्कम पुरावा सापडला नाही. उलट अभ्यास जमू लागला, की मुलाला स्वतःबद्दल बरे वाटू लागते. म्हणून 'तू ग्रेट आहेस' असे रोज म्हणण्यापेक्षा, मुलाला झेपेल असे खरे काम द्यावे आणि ते झाले की 'हे तू नीट केलेस' असे नेमके सांगावे.

पालकांनी आणि शिक्षकांनी काय करावे?

मुलाने असा कागद आणला, तर आकडा मोठ्याने वाचू नका, भावकीत सांगू नका, भावंडांशी तुलना तर नकोच. मुलाला जवळ बसवून विचारा, 'यातला कोणता प्रश्न तुला अवघड वाटला?' त्याचे उत्तर आकड्यापेक्षा जास्त सांगून जाते. शाळेला विचारा, की प्रश्नावलीचे मराठी कोणी केले, ती आपल्याकडच्या मुलांवर तपासली आहे का आणि उत्तरे कोण पाहणार आहे. हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे.

मोबाइलवरच्या चाचण्यांचे आकडे मनावर घेऊ नका, आणि मुलांनाही तसे समजावून सांगा.

मात्र मूल दोन आठवड्यांहून अधिक काळ गप्प गप्प असेल, झोप किंवा भूक गेली असेल, शाळा टाळत असेल, आवडीचा खेळ सोडला असेल, 'मी नसतो तर बरे झाले असते' असे बोलत असेल किंवा स्वतःला इजा करत असेल, तर प्रश्नावलीची वाट पाहू नका. शेवटच्या दोन गोष्टींत तर दोन आठवडेही थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना भेटा आणि मुलाला एकटे सोडू नका. कोल्हापूरला सीपीआर रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. 'टेलिमानस' ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र आणि मोफत मिळते, मराठीतही बोलता येते. १८ वर्षांखालील मुलांसाठी १०९८ हा क्रमांकही आहे.

काटा चुकला, पण...

मुलीशी बोलणे झाल्यावर मी वडिलांना आत बोलावले. त्यांना दहा विधानांचे शास्त्र सांगत बसलो नाही. ऊस घालणाऱ्या माणसाला काट्याचे महत्त्व शिकवावे लागत नाही. मी म्हणालो, "ऊस तोच असतो, पण काटा नीट नसला तर वजन कमी भरतं. तसं झालंय."

त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. "म्हंजे काटाच चुकलाय म्हणा की!"

तिथेच मी थांबलो असतो, तर माझी आणखी एक चूक झाली असती. कारण दहा विधानांत एक असे होते, की त्यात माझे मराठी कुठे आड आले नव्हते. कधी कधी आपण अगदी बिनकामाचे आहोत असे वाटते, या अर्थाचे ते विधान. त्यावर तिने 'पूर्ण सहमत' अशी खूण केली होती, आणि शब्द कसेही फिरवले तरी ती खूण तिने बदलली नाही. कधी वाटते, असे विचारल्यावर ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मी बारावीनंतर नर्सिंगला जातो म्हटलो, तर घरात कुणी काय बोललंच नाही."

हे वडिलांना सांगू का, असे मी तिला विचारले होते. तिने मान हलवली होती. मी सांगितले.

"शिकू नको असं कुणी म्हणालंय काय हिला?" वडील म्हणाले.

"जा म्हणून तरी कोण म्हणालंय?" मुलगी म्हणाली. दवाखान्यात आल्यापासून पहिल्यांदाच तिने मान वर केली होती.

वडील थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग तो कागद घडी घालून परत खिशात ठेवला आणि नर्सिंगला खर्च किती येतो, ते मलाच विचारले. मला माहीत होते तेवढे मी सांगितले. गोळ्या दिल्या नाहीत.

मुलगी आता बारावीत आहे. पुढचे अजून ठरलेले नाही. मागच्या महिन्यात वडील पाठदुखीसाठी आले होते, तेव्हा कोल्हापूरला जाऊन प्रवेशाची चौकशी करून आल्याचे म्हणाले. शाळेलाही मी ती प्रश्नावली परत मागितली आहे. ती नीट तपासून होईपर्यंत कोणत्याही मुलाच्या हातात द्यायची नाही, असे आम्ही ठरवले आहे.